पोपचे दुसरे नाव

८ मे २०२५ रोजी रोमच्या सिस्टीन चॅपेलमध्ये मतमोजणी संपली आणि रॉबर्ट प्रीव्होस्ट या अमेरिकन कार्डिनलला दोन प्रश्न विचारले गेले. तुमची निवड तुम्हाला मान्य आहे का? आणि, तुम्हाला कोणत्या नावाने ओळखले जावे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते 'लिओ'. ते ऐकणाऱ्या कार्डिनलांमध्ये गोव्याचे आर्चबिशप फिलीप नेरी फेर्रांव हेही होते.

पहिला प्रश्न कोणत्याही निवडणुकीत शोभेल असा आहे. मला कुतूहल आहे ते दुसऱ्याचे. गेली काही वर्षे मी नावांच्या इतिहासामागे लागले आहे. घराण्यांची नावे, गावांची नावे, दत्तकाची नावे असे करत करत हा विषय हाती आला आणि मग सोडवेना. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली निवडणुकीची जी नियमावली लागू केली, तिच्या ८७व्या कलमात हा प्रश्न आहे. पण उत्तर म्हणून नवेच नाव सांगितले पाहिजे, अशी सक्ती कुठेच नाही. उद्या एखाद्याने "माझ्या आहे त्याच नावाने हाक मारा" म्हटले, तर कोणताही कायदा मोडणार नाही. तरीही १५५५ सालानंतर एकानेही तसे म्हटलेले नाही. सक्ती नसताना पावणेपाचशे वर्षे जी गोष्ट सगळे करतात, तिच्यामागे काय असते?

वसईतल्या माझ्या एका कॅथलिक मैत्रिणीला विचारले, तेव्हा तिने क्षणभरही विचार न करता सांगितले, "अगं, प्रभूनेच शिमोनाचा पेत्र केला ना! तेव्हापासूनचे आहे ते." उत्तर सुरेख आहे, आणि पुष्कळ पुस्तकांतही तेच दिलेले असते. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिमोनाला पेत्र म्हणतो. पेत्र म्हणजे खडक. त्या खडकावर मी माझी मंडळी उभारीन, असे वचन देतो. पोप हा पेत्राचा वारस, म्हणून त्याचेही नाव बदलायचे. हिशेब चोख बसतो.

अडचण एकच. पेत्रानंतर जवळपास पाचशे वर्षे कुणाही पोपने नाव बदललेले नाही. लायनस, क्लेमेंट, कॅलिक्स्टस, दमासस ही सगळी त्यांची आपापली नावे. इतिहास मी कॉलेजात शिकलेले नाही, पण इतके कळते की जी रीत पाचशे वर्षे उशिरा सुरू झाली, तिचे कारण पहिल्या दिवसात शोधून चालणार नाही. पेत्राचे उदाहरण हा रीतीला मागाहून मिळालेला अर्थ आहे. रीत सुरू झाली ती वेगळ्याच, बऱ्याच साध्या अडचणीतून.

इसवी सन ५३३ मध्ये रोमच्या सान क्लेमेंते या चर्चच्या धर्मगुरूची पोप म्हणून निवड झाली. त्याचे नाव होते मर्क्युरियस. मर्क्युरी हा रोमनांचा देव. व्यापाऱ्यांचा, प्रवाशांचा आणि चोरांचाही. ख्रिस्ती आईबापांनी मुलाचे असे नाव ठेवणे त्या काळी नवलाचे नव्हते. नावे धर्मापेक्षा हळू बदलतात, हे आपल्याला कुठल्याही जुन्या गावात दिसते. मर्क्युरियस धर्मगुरू असेपर्यंत कुणाला ते खटकलेही नसावे. पण पेत्राच्या आसनावर 'पोप मर्क्युरी' बसणार, हे ऐकायला चमत्कारिक होते. त्याने जॉन हे नाव घेतले. दहा वर्षांपूर्वीच पहिला जॉन पोप झाला होता आणि थिओडोरिक राजाच्या कैदेत ५२६ साली मरण पावला होता. लोक त्याला हुतात्मा मानत. मर्क्युरियसने आपल्या हेतूविषयी स्वतः लिहिलेले काही उरलेले नाही. देवाच्या नावाची अडचण हा इतिहासकारांनी काढलेला निष्कर्ष आहे आणि तो मला पटतो.

या माणसाची दोन्ही नावे दगडात शिल्लक आहेत. सान क्लेमेंतेमध्ये एका जुन्या वेदीछत्राचा तुकडा आहे, त्यावर 'मर्क्युरियस' या धर्मगुरूचा उल्लेख आहे. त्याच चर्चमध्ये गायकवृंदाच्या जागेभोवतीच्या संगमरवरी फळ्यांवर 'योहानेस' या नावाची अक्षरे एकमेकांत गुंफून कोरलेली आहेत. पोप झाल्यावर आपल्या जुन्या चर्चला त्याने दिलेली ही भेट. मी रोम पाहिलेले नाही; हे सारे छायाचित्रांतून पाहिले. एकाच इमारतीत एकाच माणसाची आधीची आणि नंतरची ओळख अशी शेजारी शेजारी उभी असलेली दुसरी जागा माझ्या पाहण्यात नाही.

म्हणजे सुरुवात झाली ती एक नको असलेले नाव झाकण्यातून. पण लगेच प्रघात पडला असेही नाही. ५६१ साली कॅटेलिनस नावाचा पोप तिसरा जॉन झाला, आणि पुढची जवळजवळ चार शतके नाव बदलणे हा अपवादच राहिला. ९५५ साली रोमचा सत्ताधीश आल्बेरिक याचा तरुण मुलगा ऑक्टेव्हियन पोप झाला आणि त्याने बारावा जॉन हे नाव घेतले. ऑक्टेव्हियन हे तर रोमच्या पहिल्या सम्राटाचे नाव. पोपच्या खुर्चीवर तेही विजोडच.

९८३ मध्ये वेगळी अडचण आली. पाव्हियाच्या बिशपचे नावच पीटर होते, म्हणजे पेत्र. पोप झाल्यावर तो 'दुसरा पीटर' ठरला असता. त्याने ते टाळून चौदावा जॉन हे नाव घेतले. मूळ पेत्राची बरोबरी नको, हे त्याचे कारण मानले जाते. तो संकोच आजतागायत टिकून आहे. दोनशे साठाहून अधिक पोपांमध्ये दुसरा पीटर एकही नाही.

या बिचाऱ्या चौदाव्या जॉनचे नशीब पुढेही विचित्रच निघाले. प्रतिस्पर्ध्याने त्याला कास्तेल सांत आंजेलोच्या किल्ल्यात डांबले आणि तिथेच तो ९८४ साली मेला. जुन्या याद्यांमध्ये त्याच्या कारकिर्दीचे आठ महिने आणि कैदेतले चार महिने वेगवेगळे नोंदले होते. पुढच्या नकलकारांनी त्यावरून ही दोन माणसे असावीत अशी समजूत करून घेतली. एका जॉनचे दोन जॉन झाले, मोजणी चुकली, आणि १२७६ साली पेद्रो नावाच्या पोर्तुगीज विद्वानाने जॉन हे नाव घेतले तेव्हा तो थेट 'एकविसावा' झाला. विसावा जॉन कधी झालाच नाही. पाटबंधाऱ्याच्या कागदावर असलेली आणि जमिनीवर नसलेली विहीर आपल्याला माहीत असते, तसा हा पोप.

रीत खऱ्या अर्थाने रुजली ती आल्प्सपलीकडून आलेल्या माणसांमुळे. ९९६ साली सम्राट तिसरा ऑटो याने आपला नातलग ब्रूनो याला पोप केले. हा पहिला जर्मन पोप. त्याने ग्रेगरी हे अस्सल रोमन परंपरेतले नाव घेतले. ९९९ मध्ये ऑटोचे गुरू, फ्रेंच पंडित गेर्बेर (आपल्याकडून अरबांमार्फत गेलेले अंक युरोपात वापरणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी हा एक) पोप झाला. परक्या वळणाचे नाव रोमन कानांना जड जाणार, हे एक कारण असेलच. पण गेर्बेरने निवडलेले नाव पाहा: सिल्व्हेस्टर. पहिला सिल्व्हेस्टर हा कॉन्स्टंटाइन या पहिल्या ख्रिस्ती सम्राटाच्या काळातला पोप. गेर्बेर 'दुसरा सिल्व्हेस्टर' झाला म्हणजे ऑटो आपोआप दुसरा कॉन्स्टंटाइन झाला. एका नावात गुरू-शिष्यांचा सारा राजकीय बेत सांगून झाला.

माझ्या मते खरे वळण इथे आहे. तोवर नाव काहीतरी झाकत होते, आता ते काहीतरी सांगू लागले.

पुढच्या दीडशे वर्षांतल्या पोपांची यादी मी एकदा कागदावर उतरवून काढली आणि चकित झाले. १०४६ क्लेमेंट दुसरा, १०४८ दमासस दुसरा, १०५५ व्हिक्टर दुसरा, मग निकोलस दुसरा, अलेक्झांडर दुसरा, अर्बन दुसरा, पास्काल दुसरा, गेलासियस दुसरा, कॅलिक्स्टस दुसरा, होनोरियस दुसरा, इनोसंट दुसरा, सेलेस्टाइन दुसरा, लुसियस दुसरा. मध्ये मध्ये इतर आकडे येतात, पण 'दुसऱ्यां'ची ही रांग योगायोगाने लागत नाही. १०४६ साली एका पदावर तीन दावेदार होते; पद विकले-घेतले जात होते. सम्राट तिसऱ्या हेन्रीने तिघांनाही बाजूला सारले आणि बाहेरची माणसे आणली. त्यांना, आणि त्यांच्यानंतर आलेल्या सुधारकांना म्हणायचे होते की कालपरवाचे पोप आमचे पूर्वज नव्हेत. आमचे नाते आरंभीच्या शतकांतल्या निर्मळ चर्चशी आहे. त्यासाठी जाहीरनामा लिहायची गरज पडली नाही. दमाससनंतर सातशे वर्षांनी दुसरा दमासस आला, एवढ्यात सगळे आले.

जाता जाता एका दंतकथेचा निकाल लावला पाहिजे, कारण ती अजून छापली जाते. तिच्याप्रमाणे नवव्या शतकातल्या दुसऱ्या सर्जियस पोपचे मूळ नाव 'डुकरतोंड्या' अशा अर्थाचे होते. त्याची लाज वाटून त्याने ते बदलले आणि तेव्हापासून प्रथा पडली. पंधराव्या शतकात व्हॅटिकनचा ग्रंथपाल प्लातिना याच्या पोपचरित्रांमुळे ही गोष्ट दूरवर गेली. वस्तुतः ते टोपणनाव १००९ साली पोप झालेल्या चौथ्या सर्जियसचे. त्याचे खरे नाव होते पीटर, आणि त्याने बदलले ते पीटर. गोष्ट मजेदार असली की सनावळीकडे कोण बघतो!

हा चौथा सर्जियस मात्र दुसऱ्या अर्थाने महत्त्वाचा. त्याच्यापासून नाव बदलणे हाच नियम झाला. त्यानंतर मूळ नाव ठेवणारे दोघेच: १५२२ साली निवडलेला नेदरलँड्सचा एड्रियन सहावा आणि १५५५ सालचा मार्सेलस दुसरा. एड्रियन पावणेदोन वर्षांत गेला, मार्सेलस बावीस दिवसांत. त्यानंतर कुणी ते धाडस केले नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडण्याचा मोह मी टाळते.

ही रीत इतकी घट्ट का बसली, याचे उत्तर मला वंशाच्या प्रश्नात सापडते. पोप हा राजा होता, पण राजाला जे असते ते त्याला नव्हते: घराणे. ब्रह्मचारी राजाच्या गादीवर मुलगा येत नाही. येतो तो कुठलातरी परका, मतांनी निवडलेला. मग सातत्य कशात दाखवायचे? आपल्या संस्थानांची इथे आठवण होते. कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव तिसरा झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक जाऊन शाहू झाला. नाव गादीचे, माणूस नवा. फरक एवढाच की दत्तकाचे नाव घराणे ठरवते, आणि पोप मात्र मागे वळून आपला पूर्वज आपणच निवडतो.

पुष्कळांनी ज्याने आपल्याला कार्डिनल केले त्याचेच नाव घेऊन ऋण फेडले. तेराव्या क्लेमेंटला बाराव्या क्लेमेंटने कार्डिनल केले होते, चौदाव्या बेनेडिक्टला तेराव्याने. पण उपकाराची ही साधी फेड प्रसंगी केवढी जड होते, हे १८०० साली दिसले. फ्रेंच सैन्याने रोम घेतले होते. सहावा पायस कैदी म्हणून फ्रान्समध्ये नेला गेला आणि व्हालांस गावी ऑगस्ट १७९९ मध्ये मेला. क्रांतिकारकांच्या लेखी तो पोप नव्हताच, 'नागरिक ब्राशी' होता. माणसाचे पद काढून घ्यायचे असेल तर त्याला जुन्या नावाने हाक मारावी, हे त्यांना बरोबर कळले होते. पोपपद संपले असे पुष्कळांना वाटत होते. रोममध्ये जमणे शक्य नव्हते म्हणून कार्डिनल व्हेनिसच्या एका बेटावरच्या मठात जमले आणि साडेतीन महिन्यांनी त्यांनी कियारामोंती यांना निवडले. मुकुट फ्रेंचांनी नेलेला, म्हणून कागदाच्या लगद्याचा करावा लागला. कियारामोंतींनी नाव घेतले पायस सातवा. ज्याला तुम्ही 'नागरिक' म्हणून पुरले, त्याच्या पुढचा आकडा हा घ्या! त्यानंतर ते नाव इतके चालले की १७७५ ते १९३९ या काळात निवडलेल्या अकरा पोपांपैकी सात पायस होते.

हे पायस नाव गाजवणारा दुसरा पायस तर आणखी वेगळा. एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी हा नावाजलेला लॅटिन लेखक. तरुणपणी त्याने एक शृंगारिक प्रेमकथा लिहिली होती आणि पोपच्या अधिकाराविरुद्ध लेखणीही चालवली होती. १४५८ साली तोच पोप झाला. व्हर्जिलच्या महाकाव्याचा नायक एनियस, आणि कवीने त्याला लावलेले ठरलेले विशेषण 'पायस', म्हणजे धर्मनिष्ठ. पहिला पायस दुसऱ्या शतकात होऊन गेला होता हे खरे, पण सुशिक्षितांना श्लेष लगेच कळला. मर्क्युरियसने मूर्तिपूजकांच्या देवाचे नाव टाकले होते. नऊशे वर्षांनी एका पोपने मूर्तिपूजक कवीच्या ओळीतून नाव उचलले. पुढे १४६३ मध्ये आपली जुनी मते मागे घेताना त्याने वाचकांना बजावले की एनियसला टाकून द्या आणि पायसचे ऐका. लोकांनी प्रेमकथा वाचणे काही सोडले नाही.

विसाव्या शतकात नावाने आणखी एक काम केले. ऑक्टोबर १९५८ मध्ये शहात्तर वर्षांच्या रॉन्काल्ली यांची निवड झाली, तेव्हा आणखी एक पायस येणार असा अनेकांचा अंदाज होता. मतदारांमध्ये मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशस होते, भारताचे पहिले कार्डिनल. रॉन्काल्ली यांनी जॉन हे नाव सांगितले आणि त्याची कारणेही दिली: ते वडिलांचे नाव, ज्या लहानशा चर्चमध्ये स्नानसंस्कार झाला त्याचेही नाव, आणि रोमच्या लॅटरन कॅथेड्रलचेही. पण मुख्य अडचण होती आकड्याची. ६२४ वर्षांत कुणी अधिकृत जॉन झाला नव्हता, कारण एका 'तेविसाव्या जॉन'ने ते नाव नासवून ठेवले होते. बाल्दास्सारे कोसा हा एकाच वेळी तीन पोप असलेल्या काळातला एक दावेदार. कॉन्स्टान्सच्या परिषदेने त्याला १४१५ साली पदच्युत केले. फ्लॉरेन्समध्ये दोनातेल्लो आणि मिकेलोत्सो यांनी घडवलेल्या त्याच्या कबरीवर 'तेविसावा जॉन, एकेकाळचा पोप' असे कोरले आहे. तो खरा की खोटा, हा वाद चालूच होता. रॉन्काल्ली यांनी स्वतःला तेविसावे म्हणवले आणि वाद मिटवला. (सोळावा जॉन प्रतिस्पर्धी पोप आणि विसावा कधी नव्हताच, त्यामुळे नीट मोजले तर ते एकविसावे भरतात.)

तेव्हापासून नावाचे कारण जाहीरपणे सांगणे हाच प्रघात होत चालला आहे. १९६३ साली मोंतिनी यांनी देशोदेशी फिरलेल्या पौलाचे नाव घेतले आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, ते मुंबईत आले. भारतात आलेले पहिले पोप. लुचियानी यांना जॉनने बिशप केले होते आणि पॉलने कार्डिनल, म्हणून १९७८ मध्ये त्यांनी दोन्ही नावे जोडून घेतली. रात्झिंगर यांनी पहिल्या महायुद्धात शांततेसाठी झटलेल्या पंधराव्या बेनेडिक्टची आठवण काढली. बेर्गोग्लिओ यांनी सांगितले की मते पुरेशी झाली तेव्हा शेजारी बसलेल्या ब्राझीलच्या कार्डिनल हुमेस यांनी मिठी मारून 'गरिबांना विसरू नका' म्हटले आणि असिसीचा फ्रान्सिस डोळ्यांपुढे आला. हे सांगताना त्यांनी एक विनोदही सांगितला. कुणीतरी सुचवले होते, की तुम्ही पंधरावा क्लेमेंट व्हा. चौदाव्या क्लेमेंटने तुमचा जेझुइट संघ बंद केला होता, त्याचा सूड निघेल! आणि प्रीव्होस्ट यांनी लिओ का? त्यांनी निवडीनंतर दोनच दिवसांनी कार्डिनलांना सांगितले, की तेराव्या लिओने १८९१ साली यंत्रयुगातल्या कामगारांचा प्रश्न हाती घेतला होता, आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा काळ आला आहे.

मग जुन्या नावाचे काय होते? आपल्याकडे संन्यासी स्वतःचे श्राद्ध घालतो. 'पूर्वाश्रमीचे नाव' हा शब्दच सांगतो की तो माणूस संपला. पोपच्या बाबतीत तसे नाही. स्नानसंस्कार एकदाच होतो आणि तो पुसता येत नाही, त्यामुळे त्या वेळचे नावही पुसले जात नाही. बाल्कनीतून घोषणा होते तीही दोन्ही नावांची, आधी जुने, मग नवे. पूर्वी पद सोडणारा जुन्या नावाकडे परत जाई. पाचव्या सेलेस्टाइनने १२९४ मध्ये राजीनामा दिला आणि तो पुन्हा ब्रदर पीटर झाला. १३१३ साली त्याला संत म्हणून जाहीर केले तेही पीटर म्हणूनच. १४१५ साली पायउतार झालेला बारावा ग्रेगरी पुन्हा आंजेलो कोरेर झाला. २०१३ साली बेनेडिक्ट सोळावे मात्र पद सोडूनही बेनेडिक्टच राहिले, पांढऱ्या झग्यासकट. त्यावर रोममध्ये बरीच कुरकुर झाली. एका वेळी दोन 'पोप' दिसणे म्हणजे काय, हे कॉन्स्टान्सचा इतिहास जाणणाऱ्यांना कुणी सांगायला नको. माझे मत त्या कुरकुरणाऱ्यांच्या बाजूचे आहे.

२०१४ च्या आरंभी फ्रान्सिस यांनी अर्जेंटिनाचा पासपोर्ट नव्याने काढला, सर्वसामान्य नागरिकासारखा. त्यावर नाव आहे होर्हे मारिओ बेर्गोग्लिओ. एप्रिल २०२५ मध्ये त्यांना रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये पुरले. तिथल्या दगडावर एकच शब्द कोरलेला आहे: फ्रान्सिस्कुस.